रेजा, मिस्त्री आणि डलासची मावसबहीण

मागच्या उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर बांधकाम निघालं. मनीषनगरच्या पुढचा भाग, झाडं कमी आणि धूळ जास्त. नागपूरचा मे महिना काय असतो ते नागपूरकराला सांगायला नको आणि बाहेरच्याला सांगून पटत नाही. सकाळी आठलाच विटांना हात लावता येत नव्हता. त्या विटा डोक्यावर घेऊन चार रेजा दिवसभर शिडीवरून वर-खाली करायच्या. (बांधकामावरच्या मजूर बाईला आमच्याकडे रेजा म्हणतात.) चौघीही छत्तीसगढच्या, राजनांदगावकडच्या. एकीचं लेकरू खालच्या खोलीत, दोन सळयांना बांधलेल्या साडीच्या झोळीत झोपलेलं असे.

मी दुपारी पाण्याचा माठ भरून ठेवायचे, त्यामुळे बोलणं व्हायचं. एकदा विचारलं, एवढ्या लहान लेकराला घेऊन येतेस, घरचे काही म्हणत नाहीत? तिला प्रश्नच कळला नाही. मग हसून म्हणाली, "हमर कोती त सबो बुता करथें, दीदी." आमच्याकडे सगळेच काम करतात. सासू करायची, आई करायची, नणंद शेजारच्या साइटवर आहे.

त्याच साइटवरचा मिस्त्री बिहारचा. चार वर्षं नागपुरात, खोली करून राहतो, बायको-मुलं गावी. त्याला विचारलं, बायकोला का नाही आणत, इथं दोघांची कमाई होईल? त्याने थापी खाली ठेवली. "हमारे यहाँ औरतें काम पे नहीं जातीं, मैडम." मग शेतावर? "वो तो करती है. वो काम थोड़ी है."

त्याचं हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

एकच ठेकेदार, एकच ऊन, एकच बाजारभाव. रेजा आणि मिस्त्री दोघेही आपला मुलूख सोडून आलेले. एकीच्या घरी बाई कामावर गेली नाही तर नवल, दुसऱ्याच्या घरी गेली तर नवल. मी अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकवते, आणि पुस्तकात लिहिलेलं असतं की माणूस मजुरीचा दर बघून काम करायचं की नाही ते ठरवतो. इथं बाईच्या मजुरीचा दर दोन्ही घरच्या बायकांना एकच मिळाला असता. म्हणजे माणसं गाव सोडताना कपड्यांच्या बोचक्याबरोबर आणखी काहीतरी बांधून आणतात. ते काय, किती वजनाचं, आणि किती वर्षं टिकतं, हे मोजायचा खटाटोप अर्थशास्त्रज्ञांनी गेली पंचवीसेक वर्षं केला आहे. बहुतेक अभ्यास अमेरिकेत, तिथं स्थलांतर करून आलेल्या कुटुंबांतल्या बायकांवर झाला. तो आपल्या भाषेत सांगायचा हा प्रयत्न.

आधी गुंता कुठे आहे तो बघू. कुठल्याही पानठेल्यावर विचारा, बाया कामाला का जात नाहीत? एक म्हणेल, कामंच कुठं आहेत बाप्पा. दुसरा म्हणेल, मिहानच्या कंपन्यांपर्यंत जायला धड बस नाही. तिसरा म्हणेल, रात्री उशीर होतो, जमाना खराब आहे. चौथा म्हणेल, सासरचे पाठवत नाहीत. चौघेही खरं बोलतात, आणि चारही गोष्टी एकाच बाईच्या आयुष्यात एकाच वेळी असतात. ती घरी बसली तर त्यात बसचा वाटा किती आणि सासरचा किती, हे कोण सांगणार? म्हणून पुष्कळ वर्षं अर्थशास्त्रज्ञ 'संस्कृती' या शब्दापासून चार हात लांब राहिले. दुकानातल्या 'इतर' लिहिलेल्या बरणीसारखा हा शब्द. जे कुठंच बसत नाही ते त्यात टाकायचं आणि झाकण लावायचं.

सोडवायची युक्ती शेवटी डॉक्टरांकडून आली. 1960 च्या दशकात काही संशोधकांनी जपानी पुरुषांच्या तीन गटांची तुलना सुरू केली. एक गट जपानातच राहिलेला, दुसरा हवाईत स्थायिक झालेला, तिसरा कॅलिफोर्नियात. मूळ वंश एकच. हृदयविकाराचं प्रमाण मात्र जपानात सगळ्यात कमी, हवाईत जास्त आणि कॅलिफोर्नियात सगळ्यात जास्त निघालं. म्हणजे आजार नुसता रक्तातून येत नाही, जिथं राहता तिथली राहणीही भोवते. अर्थशास्त्रज्ञांनी हीच युक्ती उलटी वापरली. डॉक्टरांनी माणसं तीच ठेवून जागा बदललेली पाहिली. यांनी जागा एकच ठेवली आणि माणसांचं मूळ गाव बदलून पाहिलं. कायदा तोच, बाजार तोच, पगार तोच. तरीही फरक उरला, तर तो सामानातून आलेला.

राकेल फर्नांडिस आणि आलेसांद्रा फोली या दोघींचा 2009 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या विषयातला सगळ्यात गाजलेला. त्यांनी अमेरिकेची 1970 ची जनगणना घेतली आणि त्यातून ज्यांचा जन्म अमेरिकेतला पण वडिलांचा जन्म परदेशातला अशा विवाहित बायका निवडल्या. कुणाचे वडील इटलीतून आलेले, कुणाचे मेक्सिकोतून. मग प्रत्येकीच्या नावापुढे एक आकडा लिहिला. तिच्या वडिलांच्या देशात 1950 साली किती बायका कामाला जात होत्या, तो. खरं म्हणजे या आकड्याशी त्या बाईचा काडीचाही संबंध असायला नको. ती तिथं जन्मली नाही, वाढली नाही, तिथल्या नोकऱ्या तिच्यासाठी नाहीत. नागपुरात जन्मून इथंच शिकलेल्या, इथल्याच दुकानात कामाला असलेल्या मुलीचे कामाचे तास तिच्या वडिलांच्या मूळ गावच्या जुन्या आकड्यावरून ओळखू म्हणण्यासारखं आहे हे.

पण ओळखता आले. वडिलांच्या देशात ज्या काळी बायका जास्त काम करत होत्या, त्या देशांतल्या घरांच्या अमेरिकन लेकीही जास्त तास काम करत होत्या. मुलं किती, याचंही तसंच. वडिलांच्या देशातला जुना जन्मदर लेकीच्या घरातल्या पाळण्यांपर्यंत येऊन पोचला होता. मग दोघींनी एकेक शंका वजा करून पाहिली. लेकीचं शिक्षण वेगळं असेल? वजा करा. नवऱ्याचं शिक्षण, कमाई? तेही वजा करा. फरक लहान झाला, पण गेला नाही.

दुसरी पिढीच का निवडली, हे समजलं की अर्धा विषय समजला. स्वतः परदेशातून आलेल्या बाईच्या वाट्याला हजार भानगडी असतात. भाषा, व्हिसा, तिकडची पदवी इकडे न चालणं. ती घरी बसली तर दोष कुणाला द्यायचा कळत नाही. तिथंच जन्मलेल्या लेकीला यातलं काहीच नाही. तिच्याकडे मूळ देशाचं असं जे उरतं ते एवढंच, की आईला काय करताना पाहिलं आणि जेवताना बाबा काय बोलले.

याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट मला फार आवडते. ज्या समाजाची माणसं एकाच वस्तीत दाटीनं राहत होती, त्यांच्यात हा परिणाम जास्त ठसठशीत होता. विखरून राहणाऱ्यांत कमी. घरची शिकवण टिकायला शेजार लागतो. "तुमची सून कामाला जाते?" असं विचारणारं कुणी गल्लीत असावं लागतं. नागपूरकराला हे समजायला अभ्यासाची गरज नाही. फाळणीनंतर आलेले सिंधी जरीपटक्यात, पिढीजात विणकर कोष्टी जुन्या नागपूरच्या पेठांत, छत्तीसगढी आपापल्या वस्त्यांत. वस्ती म्हणजे आधार असतोच, आणि वस्ती म्हणजे डोळेही असतात.

आता सासूबाई.

त्याच दोघींनी क्लाउडिया ओलिवेत्ती यांच्यासोबत 2004 मध्ये एक वेगळाच धागा ओढला होता. ज्या नवऱ्याची आई स्वतः नोकरी करत होती, त्याची बायको नोकरी करण्याची शक्यता जास्त, असं त्यांना दिसलं. बायकोच्या माहेरचा नव्हे, नवऱ्याच्या आईचा हा परिणाम. दुसऱ्या महायुद्धात पुरुष मोठ्या संख्येनं लढाईवर गेले आणि अमेरिकेत बायका कारखान्यांत शिरल्या. ज्या राज्यांतून जास्त पुरुष गेले तिथं जास्त बायका कामाला लागल्या, आणि तिथली मुलं कामावर जाणारी आई बघत मोठी झाली. पुढे त्या मुलांच्या बायका जास्त प्रमाणात कामाला गेल्या. का? कदाचित अशा मुलाला कमावती बायको खटकत नसेल, कदाचित त्याला स्वतःचं ताट उचलायची सवय असेल. माझ्या सासूबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत होत्या, काटोल तालुक्यात. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात नवऱ्याने सकाळी सहाला उठून कुकर लावलेला पाहून माझ्या आईला घेरी यायची बाकी होती. तेव्हा मला वाटलं नशीब चांगलं. आता कळतं, नशिबाला जिल्हा परिषदेची नोकरी होती.

पहिल्या पिढीचं काय होतं, यावर फ्रान्सीन ब्लाऊ, लॉरेन्स कान आणि केरी पॅप्स यांनी 1980 ते 2000 च्या अमेरिकन जनगणनांवर काम केलं. परदेशातून आलेल्या विवाहित बायका सुरुवातीला तिथल्या बायकांपेक्षा कमी काम करतात, मग त्या कुठूनही आलेल्या असोत. वर्षं जातात तसं अंतर मिटत जातं. ज्या देशांत बायका भरपूर काम करतात तिथून आलेल्यांचं अंतर पुरतं मिटतं. जिथं बायका कमी काम करतात तिथून आलेल्यांचंही बरंचसं मिटतं, पण थोडं उरतं. आणि या दोन गटांतला आपापसातला फरक शेवटपर्यंत राहतो. त्यांनी पडताळा म्हणून पुरुषांचंही काम तपासलं. मूळ देशातल्या बायका किती काम करतात, याचा पुरुषांच्या कामावर काही परिणाम नाही. मूळ देश नुसता गरीब किंवा मागास असण्याचा हा परिणाम असता, तर पुरुषांतही दिसला असता. तो फक्त बायकांत दिसला, याचा अर्थ बाईनं काय करावं आणि पुरुषानं काय, या समजुतीचाच तो आहे.

मग या समजुती मुळात आल्या कुठून? इथं अर्थशास्त्रज्ञ थेट वावरात शिरतात. एस्टर बोसरुप या डॅनिश विदुषीने 1970 मध्ये मांडलं की जिथं शेती नांगरावर चालली तिथं बाई शेतातून घरात गेली. नांगर ओढायला, बैल आवरायला अंगात जोर लागतो, लेकरू पाठीला बांधून ते होत नाही. जिथं कुदळीची, हाताची शेती होती तिथं बाई शेतात टिकली. 2013 मध्ये आलेसिना, जुलियानो आणि नन यांनी जगभरच्या जमातींची माहिती घेऊन हे तपासलं. पूर्वज नांगर वापरत होते अशा समाजांत आजही कमी बायका बाहेर काम करतात, असं निघालं. ट्रॅक्टर येऊन जमाना झाला तरी. आणि हो, अशा समाजांतून परदेशी गेलेल्यांच्या मुलांतही हा फरक दिसला.

आपल्याकडे नांगर सगळीकडेच, मग फरक का? त्याचं एक उत्तर पिकात आहे. प्रणब बर्धन यांनी 1974 मध्येच दाखवलं होतं की धानाच्या मुलखात बाईच्या मजुरीला मागणी असते, गव्हाच्या मुलखात तेवढी नसते. भंडारा-गोंदियाकडे पावसाळ्यात एकदा जाऊन या. रोवणीच्या, म्हणजे भाताच्या लावणीच्या, दिवसांत बांधीत कमरेत वाकलेल्या बायांच्या ओळीच्या ओळी दिसतात. तोच धानाचा पट्टा पुढे राजनांदगाव, दुर्ग, रायपूरपर्यंत जातो. जिच्या आजीशिवाय रोवणी होत नव्हती, तिला "बाईनं कामाला जाऊ नये" हे वाक्य कुठल्या कोपऱ्यात ठेवावं तेच कळत नाही. माझा प्रश्न त्या रेजाला का कळला नाही, ते मला हे वाचल्यावर उमगलं. अर्थात बिहारातही धान पिकतं, तेव्हा एका पिकानं सगळं उलगडतं असं मी म्हणणार नाही. जात, जमीन, पडदा, गरिबी, सगळ्यांची त्यात सरमिसळ आहे. जिथं चार पैसे आले की पहिली गोष्ट म्हणून बाईला शेतातून घरात बसवतात, आणि त्याला इभ्रत म्हणतात, तिथं पीक कुठलं हे गौण ठरतं.

छत्तीसगढची माणसं नागपूरला काही काल आलेली नाहीत. 1956 पर्यंत नागपूर ही ज्या प्रांताची राजधानी होती त्यात रायपूर आणि बिलासपूरही होतं. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल इथं 1877 ला सुरू झाली, दहा वर्षांनी बंगाल नागपूर रेल्वे कंपनी निघाली. गाडीत बसलं की काम, असा तो रस्ता कितीतरी पिढ्या वापरात आहे.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल की झालं, सगळा संस्कृतीचा खेळ. थांबा. माझी मावसबहीण अमेरिकेत डलासला असते.

ती नागपुरातून बीडीएस झाली, घरच्या पहिल्या मजल्यावर दवाखाना टाकायची बोलणी चालली होती. 2009 मध्ये लग्न झालं आणि एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या नवऱ्यामागे एच-फोर या जोडीदाराच्या व्हिसावर ती गेली. या व्हिसावर तेव्हा जोडीदाराला राहता येत होतं, शिकता येत होतं, पण कमावता येत नव्हतं. एक डॉलरसुद्धा नाही. इकडे नातेवाईक लग्नकार्यात म्हणायचे, "एवढी शिकली अन् तिकडे जाऊन पोळ्याच लाटून राहिली." मे 2015 मध्ये अमेरिकेत नियम बदलला. ज्यांच्या नवऱ्याचा ग्रीन कार्डचा अर्ज ठरावीक टप्प्याच्या पुढे गेला आहे, अशा एच-फोरवाल्यांना कामाचा परवाना मिळू लागला. तिला तो पुढच्या वर्षी मिळाला. तोवर सात वर्षं गेली होती, एक मुलगी झाली होती. शिवाय भारतातल्या बीडीएसवर तिथं दात काढता येत नाही. परीक्षा द्या, मग तिथल्या दंतमहाविद्यालयात पुन्हा दोन-तीन वर्षं शिका, त्याची फी ऐकूनच दात दुखतो. आज ती एका दातांच्या दवाखान्यात विम्याची बिलं बघते. नागपूरची दंतवैद्य, डलासची बिलिंगवाली.

आता विचार करा, 2012 मध्ये कुणी सर्वेक्षणाला गेलं असतं तर तिच्या नावापुढे काय लिहिलं गेलं असतं? जन्म भारत, शिक्षण पदवी, काम नाही. आणि भारतात तर बायका कमीच काम करतात. चला, संस्कृती! प्रत्यक्षात तिच्या पायात होता व्हिसाचा कागद. नियम, पदवीची मान्यता, पाळणाघराची फी यांना संस्कृतीचा मुखवटा चढवणं फार सोपं असतं, आणि मालकवर्गाला तर ते सोयीचंही असतं. "त्यांच्यात बायका काम करत नाहीत हो" म्हटलं की पुढचं काही करायलाच नको. म्हणूनच तर फर्नांडिस आणि फोली यांनी अमेरिकेत जन्मलेल्या लेकी निवडल्या. त्यांना व्हिसा लागत नव्हता.

कमाईकडे येऊ, कारण कामाला जाणं वेगळं आणि त्या कामाचे पैसे किती मिळतात ते वेगळं. या दोन गोष्टी लोक नेहमी एकाच पिशवीत टाकतात.

कमाईतली सगळ्यात मोठी गळती पहिल्या बाळंतपणाशी लागते. हेनरिक क्लेवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2019 मध्ये डेन्मार्कचे आकडे मांडले. मूल होईपर्यंत नवरा-बायकोच्या कमाईच्या रेघा बरोबरीनं चालतात. मूल झालं की बापाची रेघ तशीच पुढे जाते आणि आईची खाली येते ती पुन्हा वर जातच नाही. लांबच्या पल्ल्यात तूट साधारण 20 टक्क्यांची. आणि हा डेन्मार्क बरं, जिथं सरकारी पाळणाघरं आहेत! याला अभ्यासक आईपणाचा दंड म्हणतात. क्लेवेन यांनी पुढे अमेरिकेत पाहिलं की स्थलांतरित बाईला हा दंड किती बसतो, ते तिच्या जन्मदेशात तो किती मोठा आहे याच्याशी जुळतं. तिथं राहून वर्षं लोटली की ते थोडं थोडं स्थानिकांसारखं होतं. म्हणजे सामान बाळंतपणाच्या वेळी उघडलं जातं. एरवी नोकरी करणारी, मीटिंगा घेणारी बाई, बाळ झाल्यावर "आता काय करायचं" या प्रश्नाचं उत्तर आईच्या पिढीतून काढते. डलासला मुलगी झाली तेव्हा मावशी सहा महिने जाऊन राहिली होती. मदत तर झालीच. पण "एवढ्याशा लेकराला परक्याकडे ठेवतात का कुठं" हे वाक्यही मावशीच्या बॅगेतूनच गेलं, डिंकाच्या लाडवांच्या डब्याशेजारी.

आणि आमच्या शेजारच्या रेजा? त्यांच्याकडे बाळंतपणाचा दंड नाही असं वाटतं, लेकरू झोळीत आणि आई शिडीवर. मोठ्या बांधकामावर पाळणाघर हवं असं 1996 च्या कायद्यात होतं, पण पन्नासाहून जास्त बायका असतील तरच. इथं चार होत्या. बरं, त्या कामाला आल्या, पण पैसे? त्या साइटवर मिस्त्रीला दिवसाचे 900, पुरुष मजुराला 600, रेजाला 450. समान कामाला समान मोबदला, हा नियम 1976 पासून कायद्यात आहे. ठेकेदाराला विचारलं तर म्हणाला, "माणूस सिमेंटची बोरी उचलते मॅडम, बाई घमेलं उचलते." चार तास बसून मी मोजलं नाही, पण घमेल्यांच्या फेऱ्या जोडल्या तर किती बोऱ्या होतील याचा हिशेब त्यालाही नको होता.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे शिडी. पुरुष मजूर दोन-चार वर्षांत थापी धरायला शिकतो आणि मिस्त्री होतो. रेजा वीस वर्षांनीही रेजाच. धानाच्या मुलखानं तिला घराबाहेर काढलं, पण तिच्या हातात थापी दिली नाही. बाई कामाला जाते म्हणजे तो समाज बायकांच्या बाबतीत पुढारलेला, असा निष्कर्ष काढायची घाई होते ती इथं चुकते. मूळ देशात किती बायका कामाला जातात, हा आकडा कामाचे तास बऱ्यापैकी सांगतो. कोणतं काम आणि किती पैसे, हे त्यात मावत नाही.

तो आकडा तरी काय मोजतो? आता मिस्त्रीचं वाक्य काढा. वो काम थोड़ी है. त्याची बायको गावी म्हशीचं करते, रोपं लावते, मळणीला असते. मोजणाऱ्यानं कसं विचारलं यावर ती 'कामगार' ठरते किंवा 'गृहिणी'. आपल्या सरकारच्या श्रमशक्ती पाहणीत 15 वर्षांवरच्या स्त्रियांचा कामातला सहभाग 2017-18 मध्ये 23.3 टक्के होता, तो 2023-24 मध्ये 41.7 टक्क्यांवर गेला. सहा वर्षांत संस्कृती बदलली का? यातली बरीचशी वाढ खेड्यांतली आहे, स्वतःच्या शेतात, घरच्या धंद्यात. काही बायका खरोखर नव्यानं कामाला लागल्या असतील, काहींचं काम निदान आता वहीत आलं. आणि 2019 च्या वेळवापर पाहणीत स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बाईची दिवसाची 299 मिनिटं त्यात जातात असं निघालं, घरकाम करणाऱ्या पुरुषाची 97. करणाऱ्या पुरुषाची, हे नीट वाचा. न करणारे त्यात धरलेलेच नाहीत.

हे सगळं ऐकून माझी एक विद्यार्थिनी म्हणाली, "म्हणजे मॅडम, आजीनं जे केलं तेच आम्ही करणार?" तिला मी जर्मनीची गोष्ट सांगितली. देश दुभंगलेला असताना पूर्व जर्मनीत आईनं कामावर जायचं, हेच सरकारनं रुळवलं होतं, पाळणाघरं होती. पश्चिमेत लहान लेकराची आई घरी असावी अशी समजूत. 1990 मध्ये देश एक झाला, माणसं इकडून तिकडे गेली. पूर्वेच्या बायका पश्चिमेत नोकरी करू लागल्या तरी बाळंतपणानंतर लवकर कामावर परत येत राहिल्या. त्यांचं सामान टिकलं. पश्चिमेच्या ज्या बायका पूर्वेत जाऊन तिथल्या बायकांबरोबर काम करू लागल्या, त्या मात्र बऱ्यापैकी त्यांच्यासारख्या वागू लागल्या. इतकंच काय, ज्या पश्चिमी कंपन्यांत पूर्वेच्या बायका येऊन रुजू झाल्या, तिथल्या जुन्या बायकाही लवकर परतायला लागल्या. शेजारच्या टेबलावरची जमवते आहे हे दिसलं, की घरच्यांना उत्तर द्यायला तोंड मिळतं. वस्तीचे डोळे धाकात ठेवतात असं मी वर म्हटलं. डोळ्यांना वेगळं काही दिसलं तर तेच डोळे धीरही देतात. त्या मुलीनं वहीत काहीतरी लिहिलं. काय, ते मी विचारलं नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पावसाच्या आधी, बाजूची भिंत चढत होती. दुपारी मिस्त्री जेवायला गेला. झोळीवाल्या रेजानं जाता जाता त्याचा ओळंबा उचलला, भिंतीला लावला, एक डोळा मिटून पाहिलं आणि परत होता तिथं ठेवला. मिस्त्री आल्यावर म्हणाली, "वो कोना बाहर भागत हे." त्यानं आधी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मग ओळंबा लावला. मग वरचे दोन थर काढले, कोपरा सरळ करून पुन्हा रचले. विटा तिनंच परत वर नेल्या.

शनिवारी हिशेब झाला. ठेकेदाराच्या वहीत तिच्या नावापुढे सहा दिवस, रेजा, 450.